खालचे खांब

काओश्युंगमध्ये लाल म्हणजे चढ आणि हिरवा म्हणजे उतार.
आधीच सांगून टाकतो,
नाहीतर पुढचं सगळं उलटं वाचाल.

बेकरीच्या माडीवर आमचं दलालीचं ऑफिस.
भिंतभर फलक, समोर प्लास्टिकच्या साठ खुर्च्या.
नऊला बाजार उघडायच्या आत
थर्मास, चष्मे, पेरूच्या फोडी,
आणि तिसऱ्या रांगेत कडेला पाओ-च्यू मावशी,
मांडीवर आलेखाची वही, कानामागे शिसपेन्सिल.

मी काउंटरवर नवा, माझ्यासमोर तीन स्क्रीन.
म्हटलं, मावशी, हे सगळं यंत्र काढून देतं.
म्हणाली, देतं रे. पण हाताला कळत नाही.

पानाच्या वरच्या अर्ध्यात भाव,
खाली उलाढाल, रोजचा एक खांब.
वरचं सगळेच बघतात, म्हणायची,
खाली उभं कोण आहे ते बघ.

तीस वर्षं तिनं बंदरावर मासळीच्या लिलावात पावत्या फाडल्या.
बोली चढत जाते, चढत जाते,
आणि एका पहाटे कान सांगतात,
आवाज दोघांचाच आहे.
बाकीचे ओले बूट वाजवत चहाला गेलेत.
त्या दिवशी ट्यूना सगळ्यात महाग जातो.
दुसऱ्या दिवशी बर्फावर पडून राहतो.

सायकलच्या साखळ्या करणारी एक कंपनी होती.
एकोणचाळीसवरून निघालेली.
चौऱ्याऐंशीला खांब अंगठ्याएवढा,
नव्वदला करंगळीएवढा,
सत्त्याण्णवला नखाएवढा.
फलक लालेलाल.
तिनं वही मिटली, काउंटरवर शिक्का ठेवला,
वीसच्या वीस लॉट वीक.

शेअर एकशे आठला गेला.
हुआंग मास्तर रोज तिच्या कानाशी आकडा ओरडून वाचायचे.
ती पेरू खात राहिली, खांब काढत राहिली.
अकरा दिवस.
बाराव्या दिवशी ते ओरडले नाहीत.

पुढचं काय सांगू.
खुर्च्या रिकाम्या असून माणसं उभ्यानं बघायची.
मग एक सकाळ आली, सगळे एकदम विकायला,
बोटांवरची शाई पुसायला मला फुरसत नाही,
मास्तरांनीही विकलं, शिक्का उलटा उमटला, पुन्हा मारला.
त्या दिवसाचा खांब पानात मावेना,
वर भावाच्या हद्दीत घुसला.
आणि भाव? दहाला अठ्ठावन्न, दीडला बंद होताना एकसष्ट.

एवढ्यांनी टाकलं, मावशी म्हणाली,
म्हणजे कुणीतरी तेवढंच उचललं.
पावतीला दोन नावं असतात.
तिनं पाच लॉट घेतले.

इथं थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती.
पण शेअर त्रेपन्नला गेला.
विचारलं, तर पेन्सिलीला टोक करत म्हणाली,
खूण होती. शपथ नव्हती.

त्रेपन्नला तो पडून राहिला, खांब मुंग्यांएवढे,
विकणारंच उरलं नाही कुणी.
नोव्हेंबरात वळला.
कुणी पाहिलं नाही. मीसुद्धा नाही,
वहीत मागं जाऊन पाहिलं तेव्हा दिसलं.

आज बाजार पुन्हा उच्चांकावर आहे.
लाल इतका, की मावशीची वही गुलाबी दिसते.
हॉलमध्ये आम्ही सातजण.
मास्तर मुलाकडे ताइपेईला, काही फोनवर,
काही कुठेच नाहीत.
मुख्य ऑफिसचं पत्र आलंय, जूनअखेर फलक उतरवणार.
मी मनात खुर्च्या मांडतो:
साठ, एकतीस, बारा, सात.
नको तिथं बोट ठेवल्यासारखं होतं.

तेवढ्यात तिनं वही माझ्याकडे सरकवली.
माझे डोळे आता चौकटी मोजत नाहीत, म्हणाली,
आजचा खांब तू काढ.
मी विचारलं, किती उंच?
खालून अननसाच्या केकचा वास येत होता.
ती घड्याळाकडे बघत होती.
थांब की, म्हणाली,
अजून दीड वाजायचाय.